पाखऱ्या बाण

कुठलीही लांबडी वस्तू हाताला लागली की तो ती आधी बोटावर आडवी ठेवायचा. पेन असो, पळी असो, छत्री असो, नाहीतर माझ्या लग्नात रुखवतात मांडलेलं लाटणं असो. उजव्या हाताची तर्जनी पुढे करायची, वस्तू तिच्यावर टेकवायची, दोन्ही टोकं स्थिर होईपर्यंत मागेपुढे सरकवायची आणि मग निकाल द्यायचा, "तोंड जड." किंवा "शेपूट जड." तिसरा निकाल, म्हणजे "बरोबर हाये", त्याच्या तोंडून फार क्वचित निघायचा. रुखवतातल्या लाटण्यावरून त्याची नजर माझ्या बायकोकडे वळली तेव्हा माझी सासू घाईघाईने मध्ये येऊन उभी राहिली.

त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याची सून अजून आमच्याच आळीत राहते आणि तिचं माझ्या बायकोशी चांगलं आहे. तो माझ्या वडिलांच्या वयाचा. तोंडावर मी त्याला काका म्हणायचो, पण मनात कधी अहो-जाहो केलं नाही, आणि आता तो गेला म्हणून करायचं काही कारण दिसत नाही. असा एक माणूस तुमच्याही आळीत असेल. त्याच्याकडे काम पडल्याशिवाय राहत नाही, आणि काम घेऊन गेलं की अपमान करून घेऊनच परत यावं लागतं.

पोटापाण्याला तो उल्हासनगरात कॅम्प दोनमध्ये टेबलफॅनच्या एका छोट्या कारखान्यात होता. पंख्याची पाती समतोल करायची, हे त्याचं काम. पातं एका सळईवर फिरवायचं, जड बाजू खाली येते की नाही बघायचं, कानशीने घासायचं, पुन्हा फिरवायचं. त्याचा सिंधी शेठ घाई करायचा. "अरे चाचा, थोडा हिलेगा तो क्या होगा? गिऱ्हाईक को हवा मंगता है." हा मराठीतच उत्तर द्यायचा, "पंखा टेबलावरनं चालत गिऱ्हाइकाच्या मांडीवर जाईल, तवा हवा कमी पडनार नाय." शेठ त्याला टरकून होता. सगळेच होते.

गावात मात्र त्याची ओळख पंख्यांची नव्हती, बाणांची होती. आमचं गाव बदलापूरच्या पलीकडे, नदी ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी. ऐंशीच्या सुमाराला तिथे इमारती नव्हत्या, भातखाचरं होती आणि भातात दाणा भरला की डोंगरातून रानडुकरं उतरायची. एका रात्रीत अख्खं खाचर लोळवून टाकायची. शिकारीला कायद्याने बंदी होती हे आम्हाला माहीत होतं, फक्त डुकरांना सांगणारं कुणी नव्हतं. मी अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरचा कारकून, शेती बघायचा माझा थोरला भाऊ, दादा. गावात बंदूक नव्हती. धनुष्यं होती, आणि त्यांचे बाण हा माणूस करायचा.

बाण करतो म्हणजे बांबू तासून टोक लावतो, असं मला लहानपणी वाटायचं. तसं नव्हतं. थंडीत तोडलेला बारीक भरीव बांबू तो छपराखाली वर्षभर वाळवायचा, निखाऱ्यावर शेकून सरळ करायचा. कारखान्यातल्या मोडक्या करवतीच्या पात्यांची टोकं घासायचा. मागे घारीची पिसं बांधायचा. मग पुन्हा बोटावर. टोकाकडे किंचित कललेला बाण त्याला हवा असायचा, पण किती कललेला ते माणसागणिक बदलायचं. "मी बाण बांबूचा नाय करत," तो म्हणायचा, "हाताचा करतो."

तुमच्या हाताचा बाण करायचा तर आधी तुमचा हात बघायला हवा. त्यासाठी त्याची एक दुष्ट रीत होती. तुम्हाला धनुष्य देऊन दोरी कानापर्यंत ओढायला लावायची आणि तशीच धरून ठेवायला सांगायची. मग स्वतः समोर उभं राहून तुमच्या घराण्याबद्दल बोलायचं. "तुज्या आज्यानं आमचा बांध कोरला व्हता, ठावं हाये ना?" "तुजा मेव्हना परत आला म्हनं, नोकरी गेली त्याची?" तुम्ही संतापत असता आणि तो तुमच्या तोंडाकडे नाही, कोपराकडे बघत असतो. कोपर कधी थरथरायला लागलं त्यावरून तो बाणाचं वजन ठरवायचा. निम्म्या गावाशी त्याचं भांडण होतं ते या परीक्षेमुळे. उरलेल्या निम्म्याशी बांधावरून.

दोन जातीचे बाण असत. जाड, जड, रुंद पात्याचा तो डुकऱ्या. बारीक, हलका तो पाखऱ्या, म्हणजे होले-तित्तिरांसाठीचा, पोरांच्या हातात द्यायचा. ओहोळ शेतात उतरतो त्या चिंचोळ्या जागांना आम्ही नाके म्हणायचो. हाकाऱ्यांनी डबे बडवून डुकरं उठवली की ती या नाक्यांतून निसटतात. ज्याच्याकडे डुकऱ्या तो नाक्यावर उभा राहणार, ज्याच्याकडे पाखऱ्या तो हाकाऱ्यांत. आणि कुणाला काय मिळणार ते ठरायचं दसऱ्याला, गावदेवीच्या पारावर, शस्त्रपूजा झाली की सगळ्यांसमोर. तो टोपलीतून एकेकाचे बाण काढायचा, नाव घ्यायचा आणि द्यायचा.

मधला नाका आमच्या घराचा. आधी बाबा तिथे उभे राहायचे, ते गेल्यावर दादा. मग एका वर्षी दादा पेंढ्याची उडवी रचताना पडला आणि त्याचा उजवा खांदा निखळला. हाडवैद्याने बसवला, पण हात पहिल्यासारखा वर जाईना. दादा कुणाला सांगत नव्हता. शर्ट घालताना वहिनी मदत करायची तेही दार लोटून.

त्या दसऱ्याला काकाने नाव घेतलं, "जना." दादा पुढे झाला. याने धनुष्य त्याच्या हातात दिलं. दादाने ओढलं. नेहमी खानदानावर घसरणारा हा माणूस त्या दिवशी एक शब्द बोलला नाही, नुसता बघत राहिला. तेवढ्यानेच दादाचं कोपर हलायला लागलं. याने हातातले डुकऱ्या पुन्हा टोपलीत टाकले आणि पाखऱ्यांची जुडी पुढे केली.

"काका, मधला नाका माझ्या बाबांचा आहे," दादा म्हणाला.

"बाप गेला. नाका हाये तितंच. हात कुठं हाये?"

कुणीतरी फिसकन हसलं. वहिनी आपट्याची पानं घेऊन बायकांत उभी होती, तिने मान खाली घातली. दादाने जुडी घेतली नाही. मग हा समजावून सांगावं तसं बोलला, पण साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात. "जड बाणाला ढकलायला हात लागतो. तुज्या हातानं तो डुकराच्या पायाखाली पडंल, आन मंग तू पडशील."

तुम्हीच सांगा, हे घरी येऊन सांगता आलं नसतं? आमच्या दोन घरांमध्ये एक कुडाची भिंत होती. तिच्या पलीकडून त्याचा खोकला आम्हाला ऐकू यायचा.

दादाच्या डोक्यात मात्र वेगळंच भरलं. काका देत नाही तर आपण दुसरीकडून आणू, आणि त्याच्या डुकऱ्यापेक्षा जड आणू. जड बाण हा मोठ्या माणसाचा बाण, हे आमच्या गावात इतकं मुरलं होतं की जितका जड तितका चांगला यात दादाला शंकाच वाटली नाही. तो उल्हासनगरला गेला आणि पडद्याचे रॉड बनवणाऱ्या एका दुकानात शिरला. परत आल्यावर तो प्रसंग त्याने मला रंगवून सांगितला. दुकानदार म्हणाला, "साईं, ये तो परदे का रॉड है. आप बोलो तो मुंडी पे लोहा बिठा देगा. उडेगा कि नहीं, वो मेरेको नहीं मालूम." दादा म्हणाला, "वजन पाहिजे." "वजन? वजन जितना बोलो!"

बाण दिसायला फार देखणे होते. चकचकीत, सगळे एकसारखे, शेपटाला पिसांऐवजी प्लॅस्टिकच्या पट्ट्या. पुढे लोखंडाचा भाला म्हणावा असं टोक. दादा अंगणात बसून ते पुसत होता तेव्हा हा आला. दुकान त्याच्या कारखान्याच्याच गल्लीत होतं, त्याला बातमी लागणारच. त्याने न विचारता एक उचलला, बोटावर ठेवला. बाण बोटावर राहीना. सरकवत सरकवत बोट अगदी टोकाशी गेलं तेव्हा कुठे टेकला. मग त्याने तो गुडघ्यावर घेतला आणि वाकवला. दुसरा घेतला, वाकवला. आम्हाला काही कळायच्या आत सगळी जुडी अंगणात वेडीवाकडी पडली होती.

दादाने त्याची गचांडी धरली. तो हसला. "गळा धरायला बरा हात आला. दोरी धरायला नाय आला."

मी दोघांना सोडवलं. त्या संध्याकाळपासून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. त्याच्या बायकोने आमच्या विहिरीवर येणं सोडलं. एक बाण तेवढा वाचला होता, कारण तो दादाने वहिनीला दाखवायला घरात नेला होता.

हाका होता त्या दिवशी सकाळी मी सुट्टी घेऊन हाकाऱ्यांत होतो. दादा मधल्या नाक्यावर जाऊन उभा राहिला, तो एकच बाण घेऊन. कुणी त्याला अडवलं नाही, कारण अडवणारा एकच होता आणि त्याच्याशी आम्ही बोलत नव्हतो. तो खालच्या नाक्यावर होता. त्याने दादाला बघितलं आणि खालून ओरडला, "जना, वर ये!" दादाने मान फिरवली.

डबे वाजले, डुक्कर उठलं आणि मधल्याच नाक्याला आलं. दादाने ओढलं, जेवढं ओढता आलं तेवढं. बाण सुटला आणि थोडं अंतर जाऊन नाकावर आपटल्यासारखा खाली आला. डुकराच्या पुढच्या पायाला ओरखडा काढून तिथेच मातीत रुतला. डुक्कर वळलं. सुळ्याने दादाची मांडी फाडून ते खाली पळालं आणि खालच्या नाक्यावर याच्या डुकऱ्याने पडलं.

दादाला बाजल्यावर घालून आम्ही रस्त्यापर्यंत आणलं. मांडीला वहिनीचं लुगडं आवळून बांधलं होतं आणि ते भिजत होतं. बाजलं धरायला चौघे होते, पण बांधावरून चालताना ते सारखं कलंडायचं. हा बाजूने चालत होता आणि खेकसत होता. "शेपूट जड झालंय. एक मानूस मागं घ्या. अरे, मागं! पाय खाली गेला तर रगत जाईल त्याचं." त्याच्या शिव्या खात आम्ही बाजलं सपाट ठेवून सडकेपर्यंत नेलं. तिथून टेम्पोत घालून दवाखान्यात.

दादा वाचला. तिसऱ्या दिवशी हा दवाखान्यात आला. मला वाटलं, आता तरी दोन बरे शब्द बोलेल. त्याने पिशवीतून तो मातीत रुतलेला रॉडचा बाण काढला, दादाच्या खाटेशी उभा राहून बोटावर ठेवला, आणि म्हणाला, "तोंड जड. बोल्लो व्हतो."

मी त्याला बाहेर काढलं. दंडाला धरून काढलं. तो बरोबर होता हे मला तेव्हाही कळत होतं. पण बरोबर असलेल्या माणसाने खाटेवरच्या माणसाला ते ऐकवायला यावं याची मला इतकी चीड आली की आज लिहितानाही ती येते आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्याकडे डुकराचं मुंडकं पहिल्या बाणाच्या घरी जातं, मग जनावर कुणाच्याही बाणाने पडो. याने पारावर सांगितलं, पहिला बाण जनाचा, आणि मुंडकं आमच्या घरी पाठवून दिलं. ओरखड्याचा बाण! वहिनीने दार उघडलं नाही. मला ती सरळसरळ थट्टा वाटली. दादाला घरी आल्यावर कळलं तेव्हा तो म्हणाला, "थट्टा नसंल रे." मी म्हटलं, दादा, तू भोळा आहेस.

दादा कायमचा लंगडा झाला. नाका सुटला. पण पुढच्या दसऱ्याला याने पारावर टोपली उघडली आणि पहिलंच नाव घेतलं, "जना!" दादा काठी टेकत पुढे गेला आणि त्याने पाखऱ्यांची जुडी घेतली. दर वर्षी हेच. पहिलं नाव जनाचं, मोठ्या आवाजात, म्हणजे लंगडत जाणारा माणूस सगळ्यांना नीट दिसावा. मी घरी येऊन धुसफुसायचो. एकदा वहिनी चुलीपुढून म्हणाली, "भावजी, नाव घेतो ना अजून. न घेता तर काय केलं असतं आपण?" मला ते पटलं नाही. मी एका दिवसाची वाट बघत होतो. त्याचाही हात काही लोखंडाचा नव्हता, कधीतरी थरथरणारच होता.

तो दिवस यायला बरीच वर्षं गेली. नदीच्या अलीकडच्या खाचरांत चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. त्याने कारखाना सोडला. का सोडला ते मला चहाच्या टपरीवर कळलं. चहावाल्याचा चमचा त्याने सवयीने बोटावर ठेवला आणि चमचा पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. चमचा हलत नव्हता, बोट हलत होतं. त्याने इकडेतिकडे बघितलं. मी पेपर तोंडापुढे धरला. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

त्या दसऱ्याला मी पारावर सगळ्यांत पुढे जाऊन उभा राहिलो. त्याची सगळी वाटणी संपली. टोपलीत त्याचे स्वतःचे तेवढे उरले होते. ते तो कधीच सगळ्यांसमोर घ्यायचा नाही, गुपचूप घेऊन घरी जायचा. त्या दिवशी मात्र त्याने धनुष्य उचललं आणि हाक मारली, "जना, इकडं ये."

दादा गेला.

"मी वढतो. तू बघ."

"मी काय बघू, काका?"

"हात बघ. तुला ठावं हाये, कसा दिसतो ते."

त्याने दोरी ओढली. कानापर्यंत आली. "बोल," तो दात आवळून म्हणाला. "मी बोल्लो व्हतो तसं बोल." माझ्या ओठांवर ते शब्द तयारच होते. बाप गेला, नाका आहे तिथेच, हात कुठे आहे? दादा, एकदाच म्हण, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो. दादा त्याच्या कोपराकडे बघत राहिला. आधी कोपर हललं, मग धनुष्य, मग त्याची मानही हलायला लागली.

दादाने त्याच्या हातातून धनुष्य हळूच काढून घेतलं. टोपलीत वाकून एक डुकऱ्या उचलला, बाजूला ठेवला. मग स्वतःच्या जुडीतून एक पाखऱ्या काढला, आपल्या तर्जनीवर आडवा ठेवला, जरा मागे सरकवला. बाण स्थिर राहिला. दादाने तो त्याच्या पुढे धरला.

"बरोबर आहे, काका."

त्याने बाण घेतला. मग नेहमीच्या खेकसण्याने विचारलं, "मंग उभा कुठं राहू?"

"माझ्या डावीकडे. डबा मी आनतो तुमच्यासाठी."

एवढी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते असं माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्याच दोघांनी वाटून घेतलं. मला पारावरून उतरताना कुणाचा राग आला होता तेही नीट सांगता येणार नाही.

त्या वर्षी हाक्याला ते दोघे शेजारी शेजारी डबे बडवत चालले. एक लंगडा, एक थरथरता. हा दादावर ओरडत होता की डबा नीट वाजव, तोंडाशी वाजव, बुडाशी नको. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. दसऱ्याला पारावर टोपली आली नाही आणि कुणी विचारलंही नाही, कारण तोवर मधल्या नाक्यावर एका सोसायटीची भिंत आली होती.

अंत्ययात्रेला मी गेलो ते आळीतला म्हणून. खांदा द्यायचा माझा विचार नव्हता. मी मागे, चपला हातात घेऊन बांधावरून चाललो होतो. तिरडीला चौघे होते, त्यातले दोघे शहरात वाढलेले नातू, त्यांना बांधावरून चालायची सवय नव्हती. तिरडी डुगडुगत होती. दादा काठी टेकत बाजूने चालला होता. त्याला खांदा देता येत नव्हता. एकाएकी तो ओरडला, "थांबा! शेपूट जड झालंय. मागं एक मानूस पायजे."

सगळे थांबले. दादाने मागे वळून बघितलं. मागे मी एकटाच होतो.

मी चपला बांधावर टाकल्या आणि जाऊन शेपटाला खांदा लावला. एवढासा झाला होता तो शेवटी, तरी जड होता. दादाने तिरडीकडे एकदा वाकून बघितलं, आणि म्हणाला, "चला आता."